बुऱ्हाणपूरच्या उन्हात संगणक जुळवताना

गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचं ठरलं की हल्ली पहिली पायरी म्हणजे यूट्यूबवरची तयार यादी. वर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची झगमगीत नावं, आणि तळाशी, उरल्यासुरल्या पैशांत, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट. यादी चुकीची नसते. फक्त ती करणाऱ्याची खोली एसीने गार असते, सॉकेटमधली वीज दिवसभर एकसारखी असते आणि शेजारच्या गल्लीत यंत्रमाग खडखडत नसतात.

बुऱ्हाणपुरात हे तिन्ही हिशोब बदलतात. तापीकाठच्या या गावात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे सहज जातो. वीज येते-जाते, आणि आली तरी तिचा दाब नेहमी सारखा राहीलच असं नाही. शिवाय हे मध्य प्रदेशातलं यंत्रमागाचं मोठं गाव. मागांच्या वस्तीत कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि जिथे पंखा फिरतो तिथे जाऊन बसतात. म्हणून माझं म्हणणं असं की बुऱ्हाणपूरकराने ती यादी खालून वर वाचावी. आधी वीज आणि वारा, मग वेग.

पण लिहिताना मात्र वरूनच सुरुवात करतो. या डब्यात नेमकं काय चाललेलं असतं ते कळल्याशिवाय वीज आणि वारा यांचं महत्त्व पटणार नाही, आणि जे चाललेलं असतं ते खरोखर थक्क करणारं आहे.

साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. गेम सहज वाटायला सेकंदाला निदान साठ चित्रं लागतात, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्यासाठी प्रश्न विचारायचे: इथे भिंत आहे की आकाश? उजेड कुठून येतोय? मध्ये कुणी उभं आहे का? पृष्ठभाग ओला आहे की कोरडा? एका पूर्ण चित्रासाठी वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या ठिपक्यांची उत्तरं तयार हवीत, कारण लगेच पुढचं चित्र दारात उभं असतं.

हे काम एकट्यादुकट्या हुशार कारागिराचं नाही. ते कसं उरकतं हे पाहायला बुऱ्हाणपुरात लांब जावं लागत नाही; मागांच्या शेडमध्ये डोकावलं की पुरे. एक विणकर एकाच वेळी कित्येक मागांवर नजर ठेवतो. माग स्वतः काही विचार करत नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. सगळ्या मागांवर हालचाल तीच, कापड मात्र प्रत्येकाचं वेगळं. ग्राफिक्स कार्डाची रचना अशीच आहे. आरटीएक्स ४०६० हे मध्यम गटातलं कार्ड घ्या. त्यात गणितं करणारे ३,०७२ छोटे घटक आहेत. काम बत्तीस-बत्तीसच्या गटांनी चालतं. गटातल्या बत्तिसांना हुकूम एकच, फक्त ठिपका प्रत्येकाचा निराळा. एनव्हीडिया कंपनी या बत्तिसांच्या गटाला ‘वॉर्प’ म्हणते, म्हणजे मागावरचा ताणा, आणि हे नाव विणकामातून उचललंय असं तिच्या तांत्रिक पुस्तिकेतच नोंदवलेलं आहे. बुऱ्हाणपूरकराने हे कार्ड जरा ताठ मानेनंच विकत घ्यावं.

नातं त्याहून जुनंही आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जाकारने मागाला छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. छिद्र असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. नक्षी आता विणकराच्या बोटांत नव्हती, पुठ्ठ्यात होती. पुठ्ठे बदला, त्याच मागावर दुसरी नक्षी. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच युक्ती घेतली, आणि पुढे विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं संगणकांना कामाचे हुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांवरूनच दिले जात. जाकारच्याही आधी, सतराव्या शतकात, बुऱ्हाणपूरचं कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात होतं. फ्रेंच व्यापारी-प्रवासी ताव्हेर्निएने ते लिहून ठेवलं आहे.

ग्राफिक्स कार्डाची ताकद मोजायला आपल्याकडचीच एक मोजपट्टी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला. तेव्हा स्वतःचा महासंगणक बनवायला १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याचा कमाल वेग एक गिगाफ्लॉपच्या घरातला, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर कोटी दशांशाची गणितं. देशाने अभिमान बाळगावा असंच ते काम होतं. आज आरटीएक्स ४०६० चा कागदावरचा वेग पंधरा टेराफ्लॉप आहे, सेकंदाला १५ लाख कोटी गणितं. आता हा हिशोब अगदी सरळ नाही, हे सांगितलं पाहिजे. शास्त्रज्ञांना लागणारी दुप्पट अचूकतेची गणितं हे कार्ड चौसष्टपट सावकाश करतं, कारण गेममध्ये त्यांची गरजच नसते. पण त्या सावकाश चालीतही त्याचा वेग २३० गिगाफ्लॉपच्या वर भरतो. पुण्याच्या १९९८ च्या ‘परम १००००’ चा कमाल वेग १०० गिगाफ्लॉप होता. आणि हे सगळं ११५ वॅटमध्ये, १५९ चौरस मिलिमीटरच्या चिपवर. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या तुकड्यावर १,८९० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, पृथ्वीवरच्या माणसांच्या दुपटीहून जास्त.

निवडताना मात्र वेगापेक्षा आणखी एक आकडा नीट पाहावा, तो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. भिंतीचा पोत, गवताची पाती, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या ही सगळी चित्रं कार्डाजवळच्या मेमरीत हाताशी लागतात. ती तिथे मावली नाहीत तर दर वेळी दूरच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि खेळ अडखळतो. ८ जीबी आज चालते. पण नवे गेम तिचे काठ गाठू लागले आहेत. कार्ड पाच वर्षं वापरायचं असेल तर थोडी पदरमोड करून १२ किंवा १६ जीबीचं घ्यावं: आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती, किंवा २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०६० एक्सटीची १६ जीबीची. आणि घरात मुख्यतः सिनेमे, क्रिकेट आणि अधूनमधून हलके गेम एवढंच असेल तर वेगळं कार्ड घेऊच नये. रायझन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं. उष्णता कमी, खर्च कमी, कटकट कमी.

प्रोसेसरबद्दल वाद फार होतात, आणि मध्यम मशिनच्या बाबतीत ते बहुतेक निरर्थक असतात. सहा कोअरचा कुठलाही अलीकडचा प्रोसेसर पुरतो: रायझन ५ ५६००, रायझन ५ ७६००, इंटेलचा आय५-१२४००एफ. (शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसताना असा प्रोसेसर आणला तर पडदा काळाच राहील.) त्याच्या आत काय घडतं ते मात्र वादापेक्षा कितीतरी रंजक आहे. ७६०० चा ठोका कमाल ५.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाचशे दहा कोटी ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाश, विश्वातला सर्वांत वेगवान प्रवासी, जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. तांब्याच्या तारेतला संकेत त्याच्याही निम्म्याच्या आसपास. मदरबोर्डवर रॅम प्रोसेसरपासून बोटभर अंतरावर असते, आणि प्रोसेसरच्या दृष्टीने तेवढं अंतरही परगाव आहे. रॅमकडून उत्तर येईपर्यंत तो तीनचारशे ठोके वाट पाहत बसतो. म्हणून तर चिपच्या पोटातच थोडी अतिवेगवान मेमरी, कॅश, ठेवलेली असते. ७६०० मध्ये तिची सर्वांत मोठी पायरी ३२ एमबीची आहे. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर ते आधीच तिथे आणून ठेवतो, आणि त्याचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतात.

घेताना बघायचं ते सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा. ५६०० बसतो एएम४ या जुन्या सॉकेटवर, डीडीआर४ रॅमसह. ७६०० एएम५ वर, डीडीआर५ सह. एएम४ २०१६ पासून आहे आणि पुढची वाट संपत आलेली आहे. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागावं असं वाटत असेल तर एएम५. हात आखडता असेल तर एएम४, आणि त्यात कमीपणा काही नाही.

रॅम म्हणजे गळक्या भांड्यांचं गोदाम आहे. १६ जीबी रॅममध्ये १३ हजार ७०० कोटींहून जास्त सूक्ष्म कपॅसिटर असतात. प्रत्येकात चिमूटभर विद्युतभार म्हणजे ‘एक’, रिकामा म्हणजे ‘शून्य’. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६८ साली या रचनेचं पेटंट घेतलं. अडचण अशी की भार सतत गळत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत, डीडीआर५ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत, प्रत्येक कपॅसिटर वाचून पुन्हा भरला जातो. तुम्ही गेम थांबवून चहा प्यायला उठलात तरी ही भराई चालूच. आणि उन्हाळ्याशी तिचा थेट संबंध आहे: चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की गळती वाढते, आणि भराई दुप्पट वेगाने करावी, असं मानकच आहे. म्हणजे तापलेल्या कॅबिनेटमध्ये रॅमचाही वेळ स्वतःची गळती बुजवण्यात जास्त जातो. १६ जीबी घ्यायची तर ८ च्या दोन पट्ट्या घ्या, एक सोळाची नको. दोन वाटांनी माहिती ये-जा करते आणि प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला तो फरक डोळ्यांनी दिसतो. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव भडकले. तेव्हा आज गरजेपुरती घेऊन दोन खाचा मोकळ्या ठेवण्यात शहाणपण आहे.

आता सिनेमाकडे. तीन तासांचा चित्रपट, सेकंदाला चोवीस चित्रं, प्रत्येक चित्रात वीस लाखांवर ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. हा कच्चा माल भरतो १,६०० जीबीच्या वर. तोच चित्रपट आपण चार-पाच जीबीच्या फायलीत पाहतो आणि तक्रार करत नाही. बाकीचं कुठे गेलं? एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदललं तेवढंच लिहायचं, ही एक युक्ती. दुसरी त्याहून सुंदर. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन म्हणजे कमीजास्त बारकाईच्या लाटांची बेरीज आहे असं समजायचं, आणि डोळ्याला जाणवत नाहीत त्या बारीक लाटा सोडून द्यायच्या. हे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. त्याआधी अहमद यांनी अमेरिकेत संशोधनासाठी अनुदान मागितलं होतं. कल्पना फारच साधी वाटते म्हणून ते मिळालं नाही. त्या साध्या कल्पनेच्या खांद्यावर आज फोनमधले फोटो आणि जगभरातला व्हिडिओ उभा आहे.

या लाटांची पुन्हा चित्रं करायला ग्राफिक्स चिपमध्ये एक वेगळा कोपरा राखलेला असतो. तो असला तर सिनेमा पाहताना प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो आणि पंख्याचा आवाजही येत नाही. व्हिडिओ आवळण्याची नव्या पिढीची पद्धत आहे एव्ही१. २०१८ मध्ये आली, वापराला मोफत आहे, आणि कमी डेटात चांगलं चित्र देते. आरटीएक्स ३० मालिकेपासून पुढच्या कार्डांना ती येते. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जीटीएक्स १६५० ला येत नाही. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही नव्या पिढीतली कार्डं असूनही त्यांना येत नाही. घरच्या टीव्हीला जोडून वापरायचं मशिन असेल तर ही एक ओळ यादीत लिहून ठेवा. फोर-के टीव्हीवर सिनेमा दाखवणं मध्यम मशिनला सहज जमतं. फोर-केमध्ये गेम खेळणं म्हणजे चौपट ठिपके. तो नाद सोडावा.

साठवणीला एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि सिनेमांचा साठा मोठा असेल तर सोबत हार्डडिस्क. यावर अधिक बोलायला नको.

आणि आता त्या यादीचा तळ, माझ्या मते बुऱ्हाणपूरकरासाठी खरा आरंभ.

भिंतीतली वीज २३० व्होल्टची म्हणतो, पण ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि मधल्या काळात ३२५ व्होल्टच्या शिखरावर चढते. प्रोसेसरला हवेत साधारण १.२ व्होल्ट, तेही केसाएवढं हलू न देता. एसएमपीएस आधी ही वर-खाली होणारी वीज सरळ करतो, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो, मग सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्टवर उतरवतो. पुढची पायरी मदरबोर्डवर. तिथे १२ चे १.२ होतात. आणि इथे एक आकडा मला दर वेळी चक्रावून टाकतो. ७६०० प्रोसेसर जोरात असताना ८८ वॅटपर्यंत घेतो. १.२ व्होल्टवर ८८ वॅट म्हणजे ७० अँपियरहून जास्त प्रवाह. दीड टनाचा एसी सात-आठ अँपियरवर चालतो. त्याच्या नऊ-दहा पट प्रवाह, बिस्किटाहून लहान चिपमध्ये, आपण माउस हलवतोय तोवर.

एसएमपीएसमधला तो मोठा कपॅसिटर आपल्याकडे विशेष कामाचा. वीज गेली तरी चांगला एसएमपीएस त्यातल्या साठ्यावर सुमारे सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. साध्या यूपीएसला बॅटरीवर यायला चार ते दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे ही फट एसएमपीएस भरून काढतो, आणि पडदा लुकलुकतही नाही. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेल्या हलक्या एसएमपीएसला ही फट झेपत नाही. यूपीएस असूनही मशिन रीस्टार्ट होतं आणि दोष यूपीएसला जातो. दुसरं असं की या कपॅसिटरमध्ये द्रव असतो, आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. जाणकारांचा ठोकताळा आहे की दर दहा अंश तापमानवाढीला कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. गार गावातल्या खोलीत दहा वर्षं चालेल असा भाग आपल्याकडच्या उन्हाळ्यात किती चालेल, हिशोब तुम्हीच करा. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला, काटकसरीच्या ‘८० प्लस’ मानांकनात ब्रॉन्झ किंवा वरच्या दर्जाचा, साडेपाचशे वॅटचा नामांकित एसएमपीएस घ्यावा. आपलं मध्यम मशिन गेम खेळताना अडीचशे वॅटच्या आसपास घेतं. निम्म्या भारावर एसएमपीएस सर्वांत काटकसरीने आणि थंडपणे चालतो.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुधा ३६० वॅटच, हे लक्षात ठेवा. हजार व्हीएचा घेतला तर गेम जतन करून मशिन नीट बंद करायला निवांत वेळ मिळतो. आणि जुन्या घरात राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला फरक दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. तिसऱ्या पिनेमागे वायरच नसलेली सॉकेटं आपल्याकडे दुर्मिळ नाहीत.

राहिला वारा. संगणकात गेलेल्या विजेचा जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो. आणि कुठलाही कूलर, पंख्याचा असो की पाण्याच्या नळ्यांचा, चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; तो फक्त खोली आणि चिप यांच्यातलं अंतर राखतो. खोली २५ अंशांवर असताना चिप ७० वर असेल, तर खोली ४२ झाली की तीच चिप साधारण ८७ वर. ७६०० ला ९५ ची मर्यादा आहे. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. यूट्यूबवर दिसलेला वेग आपल्याकडे दुपारी दिसत नाही, त्याचं कारण हे.

साधा वीतभर उंचीचा एअर कूलर उघडा पाहिलात तर त्यात बोटापेक्षा बारीक तांब्याच्या नळ्या दिसतील. त्या भरीव नसतात. आत हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. दाब इतका कमी की ते चिपच्या उष्णतेने शंभर अंशांच्या कितीतरी खालीच उकळतं, वाफ वरच्या थंड टोकाला धावते, तिथे पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र तांब्यातून झिरपत परत चिपकडे येतं. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये या नळीला आजचं रूप दिलं. पंप नाही, मोटर नाही, झिजणारा एकही भाग नाही. बुऱ्हाणपूरकराला यात नवल वाटू नये, कारण गावाबाहेरच्या कुंडी भंडाऱ्यात १६१५ पासून पाणी पंपाविनाच वाहतं. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी हेरलं आणि शंभरावर कुंड्या भुयारांनी जोडून, केवळ उताराच्या बळावर, ते शहरात आणलं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. तिथे उतार, इथे केशाकर्षण. बळ वेगळं, पण दोन्हीकडे पाणी आपल्या वाटेने चालतं. ज्यात पंप नाही त्यात पंप बिघडत नाही, म्हणून मध्यम मशिनला पाण्याच्या नळ्यांचा महागडा कूलर मी सुचवणार नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. काचेची बंद पुढची बाजू दिसायला देखणी, पण आपल्याकडे ती भट्टी होते. पुढे दोन किंवा तीन १२० मिलिमीटरचे पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की कॅबिनेटमध्ये किंचित दाब राहतो आणि फटीफटीतून हवा बाहेर पडते, आत येत नाही. येते ती फक्त गाळणीतूनच. यंत्रमागांच्या गावात हा मुद्दा सगळ्यात मोठा. साधी धूळ पंख्यावर बसते. कापसाचा तंतू कूलरच्या पात्यांमध्ये अडकून गादी तयार करतो, आणि पावसाळ्यात ती गादी ओल धरते. महिन्यातून एकदा गाळणी धुवा, वर्षातून दोनदा आतून ब्लोअर मारा, आणि तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा गरगरला तर त्याचं बेअरिंग जातं. घरातला खसचा कूलर खोली गार करतो ते संगणकाच्या फायद्याचंच, पण त्याचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका. पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार आत जातात.

मे-जूनसाठी एक फुकटचा उपाय आहे. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर तेवढ्याच ठोक्यांवर उष्णता जवळपास एकोणीस टक्क्यांनी उतरते. ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणा, म्हणजे व्होल्टेज आपोआप उतरेल, आणि गेमची चित्रं सेकंदाला साठावर बांधा. खेळताना फरक जाणवणार नाही. पंख्याच्या आवाजात नक्की जाणवेल.

खरेदीला गावातलं दुकान, इंदूर, जळगाव, मुंबईचा लॅमिंग्टन रोड की ऑनलाइन, हे ज्याने त्याने ठरवावं. गावातला दुकानदार दोन-पाचशे जास्त घेईल, पण मशिन सुरू झालं नाही तर रात्री त्याच्याच दारात जाता येतं, आणि माझ्या लेखी त्या दोन-पाचशेंचं मोल आहे. कुठूनही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि खोक्याविना मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर घेण्याआधी त्याची वॉरंटी कोण देणार हे लेखी विचारा. आणि पैसे कुठे वाचवायचेच असतील तर रंगीत दिव्यांवर वाचवा. त्यांच्याविना गेम तितकाच चालतो.